आल्प्सचे डोंगर आणि एक लाकडी फळी: अभिव्यक्तिवादी वुडकट कसा करावा

जानेवारी १९१९. स्वित्झर्लंडमधल्या दावोसजवळ फ्राउएनकिर्श नावाची वस्ती आहे. तिथे एर्न्स्ट लुडविग किर्शनर या जर्मन चित्रकाराने एका पहाटे चंद्र मावळताना पाहिला. पिवळा चंद्र, गुलाबी ढग, खाली गडद निळे डोंगर. त्या पहाटेचं त्याने एक तैलचित्र केलं, ते आज अमेरिकेत डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे. आणि त्याच दृश्याचा एक रंगीत वुडकटही (लाकडी फळीवर चित्र कोरून, तिला शाई लावून कागदावर काढलेली छाप) केला: ‘विंटरमोंडनाख्ट’, म्हणजे हिवाळ्यातली चांदणी रात्र. जेमतेम फूटभराचं चित्र. पण त्यातली झाडं अशी उभी आहेत की ती वाढली नसून जमिनीतून उसळलीत असं वाटतं, आणि आकाश डोंगराइतकंच जड आहे.

मी लाकडी ठशांचं काम करते ते या चित्रामुळे. नवशिके मला विचारतात, की डोंगर कोरायला सुरुवात कुठून करायची? बहुतेकांनी एखादा फोटो समोर ठेवलेला असतो आणि त्यातली प्रत्येक घळ लाकडावर उतरवायचा प्रयत्न चाललेला असतो. तसं करून वुडकट होत नाही. न कोरलेली फळी छापली तर पूर्ण काळी छाप मिळते. हत्याराचा प्रत्येक फटका त्या काळ्यातून थोडा उजेड बाहेर काढतो. आपण उजेड कोरत जातो आणि डोंगर मागे उरतो. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

ज्यांना थोडंफार चित्र काढता येतं पण लाकडाला कधी हत्यार लावलेलं नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. पहिल्या ठशाला तीन-चार सुट्टीचे दिवस धरा.

थोडी पार्श्वभूमी, कारण ती हातात उतरते

७ जून १९०५ रोजी ड्रेस्डेनमध्ये वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी ‘दी ब्रुके’ म्हणजे ‘पूल’ नावाचा गट काढला: किर्शनर, एरिख हेकेल, कार्ल श्मिट-रॉटलुफ आणि फ्रिट्झ ब्लाइल. पुढच्या वर्षी त्यांनी आपला जाहीरनामा काढला, तोही किर्शनरने लाकडात कोरून छापला. लाकडावर त्यांचा इतका जीव होता. डोळ्यांना दिसतं तसं नव्हे, मनाला जाणवतं तसं चित्र काढायचं, या त्यांच्या वाटेला अभिव्यक्तिवाद म्हणतात.

त्याआधीच्या शतकात युरोपातली वर्तमानपत्रं आणि मासिकं लाकडी ठशांवरच चित्रं छापत असत. पण ते काम वेगळं. खोडाच्या आडव्या कापावर, कठीण लाकडात, सुईसारख्या हत्याराने इतकं बारीक कोरायचं की लाकूड होतं हे कुणाला कळूच नये. या मुलांनी बरोबर उलट केलं. खोड उभं चिरून काढलेली साधी फळी घेतली, जिच्यावर शिरा दिसतात, गाठी असतात, ढलप्या निघतात. ते सगळं त्यांनी चित्रात राहू दिलं. त्यांच्याआधी नॉर्वेच्या एडवर्ड मुंक या चित्रकाराने ही वाट उघडली होती. त्याच्या काही ठशांत फळीच्या शिराच आकाश होतात, हवा होतात.

किर्शनर दावोसला आला तो आजारी होऊन. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती झाला आणि मनाने, शरीराने मोडला. १९१७ मध्ये तो पहिल्यांदा दावोसला आला. त्याच वर्षीचा उन्हाळा त्याने श्टाफेलआल्पवरच्या, गुराख्यांच्या उंचावरच्या वस्तीतल्या एका झोपडीत काढला. त्या काळात त्याचे हातपाय नीट चालत नव्हते, तरी तो लाकूड कोरत होता. हे मी मुद्दाम सांगते. वुडकटला मनगटात फार जोर लागतो असा एक समज आहे. धार चांगली असेल आणि लाकूड योग्य असेल, तर अशक्त हातालाही हे काम जमतं.

डोंगर बघणं

फोटो बाजूला ठेवा. पोस्टकार्डाएवढे वीस कागद, शाईची बाटली आणि एक जाड ब्रश घ्या. शाई नको असेल तर जाड काळा मार्कर चालेल. पेन्सिल नको. पेन्सिलीने करडा रंग मिळतो आणि एका रंगाच्या वुडकटमध्ये करडा नसतो, काळा असतो किंवा कागद असतो. डोंगरासमोर बसा आणि एकेका चित्राला दोन मिनिटं द्या. सात-आठ चित्रं सकाळी, काही भर दुपारी, उरलेली तिन्हीसांजेला. डोळे किलकिले करा म्हणजे बारकावे विरघळतात आणि मोठे आकार शिल्लक राहतात.

प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारा: यात पांढरं काय आहे? आल्प्समध्ये हिवाळ्यात हे उत्तर तयार मिळतं. उतारावर बर्फ, म्हणजे उतार पांढरा. देवदारासारखी सूचिपर्णी झाडं आणि उघडे खडक काळे. राहिलं आकाश, ते मात्र तुमच्या हातात. आकाश काळं ठेवलंत तर बर्फ आतून पेटल्यासारखं दिसतं. आकाश पांढरं केलंत तर सगळं वजन शिखराच्या कडेवर येतं. फेलिक्स वालोतों या स्विस चित्रकाराने १८९२ मध्ये माँ ब्लाँ, युंगफ्राउ, मॅटरहॉर्न अशा शिखरांचे वुडकट केले. तो ब्रुकेवाल्यांच्या आधीचा आणि त्यांच्याहून खूप शांत. काळ्या-पांढऱ्याचा हा हिशेब शिकायला मात्र त्याच्याइतका चांगला गुरू नाही. त्याच्या मॅटरहॉर्नसमोर दहा मिनिटं बसा आणि प्रत्येक पांढऱ्या तुकड्याला बोट लावून विचारा, की हे ऊन आहे, बर्फ आहे, ढग आहे की नुसतीच विश्रांती? तुम्हाला दिसेल, की त्याने एकही पांढरा तुकडा उगाच ठेवलेला नाही.

आता अभिव्यक्तिवादाचा भाग. शाळेत आपण शिकलो, की लांबचा डोंगर फिका आणि जवळचा गडद. ती सवय इथे सोडायची. किर्शनरच्या दावोसच्या चित्रांत लांबचं शिखर जवळच्या झाडाइतकंच गडद असतं. दरी वर उचललेली असते, त्यामुळे खालचं घर आणि वरचा सुळका एकाच भिंतीवर टांगल्यासारखे दिसतात. बघणारा दरीच्या बाहेर उभा राहून दृश्य पाहत नाही, तो दरीत अडकतो. तुमच्या वीस चित्रांपैकी ज्यात डोंगर तुमच्या अंगावर येतो किंवा तुम्हाला आत ओढतो, ते एक निवडा. नाहीतर जे सर्वांत उदास आहे ते निवडा. सुंदर आहे म्हणून एकही निवडू नका.

मग त्या एका भावनेच्या दिशेने चित्र वाकवा. डोंगर अंगावर येत असेल तर उतार आहे त्याहून तीव्र करा आणि शिखर कागदाच्या वरच्या कडेला भिडवा. जे त्या भावनेला मदत करत नाही, मग ते घर असो, वीजतार असो की वळणाची वाट, ते काढून टाका.

सह्याद्रीत राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. किर्शनरचे करवतीच्या दात्यांसारखे सुळके आपल्या डोंगरांवर चढवू नका, ते खोटं दिसतं. आल्प्स जमिनीला घड्या पडून वर आलेला पर्वत आहे, त्याच्या रेषा तिरक्या आणि मोडलेल्या. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. त्याचे कडे आडवे, पायऱ्यापायऱ्यांचे, माथे सपाट. इथलं नाट्य आडव्या रेषा आणि कड्याचा एकदम तुटलेला उभा काप यांच्यात आहे. आणि बर्फ नसल्यामुळे पांढरं शोधावं लागतं ते पावसाळी ढगात, धुक्यात, कड्यावरून पडणाऱ्या पाण्यात. पद्धत किर्शनरची घ्या, रेषा आपल्या डोंगराकडून घ्या.

फळी

माझं मत स्पष्ट आहे: या प्रकारच्या कामाला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी) नको आणि लिनोलियम (जमिनीवर घालायचा गुळगुळीत, मऊसर पत्रा) हेही नको. दोन्ही कोरायला सोपे आहेत, पण त्यांत शिरा नाहीत, विरोध नाही. हत्यार जिकडे न्याल तिकडे मुकाट्याने जातं. अभिव्यक्तिवादी रेषेतला तो खडबडीत, ठेचकाळल्यासारखा जोर लाकडाशी झालेल्या झटापटीतून येतो.

पहिल्या कामाला पाइनची फळी घ्या. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन जुन्या लाकडाच्या वखारीत मिळतं. अठरा-वीस मिलिमीटर जाडी, आकार साधारण २० बाय ३० सेंटिमीटर. पाइनमध्ये एक मऊ पट्टा आणि एक कठीण पट्टा अशी आळीपाळी असते. मऊ पट्ट्यात हत्यार लोण्यात जावं तसं जातं आणि कठीण पट्ट्यावर अडतं. सुरुवातीला याचा राग येतो, नंतर सवय होते आणि मग त्याचा उपयोग करावासा वाटतो. पाइन जास्तच त्रास देत असेल तर चांगल्या प्रतीचं बर्च प्लायवूड घ्या. त्याचा वरचा थर पातळ असतो, म्हणून उथळ कोरायचं. साधं व्यापारी प्लायवूड टाळा. त्याचे पापुद्रे निघतात आणि आतल्या थरातल्या पोकळ्या ऐन वेळी उघड्या पडतात. आपल्याकडचं शिवणीचं लाकूडही कोरायला गुणी आहे, मात्र ते पूर्ण वाळलेलं हवं.

फळी आणल्यावर लगेच चित्र काढायला बसू नका. तिच्यावर पातळ कागद ठेवा आणि मेणाचा काळा खडू आडवा धरून सगळीकडून घासा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसं. फळीच्या शिरा कागदावर उमटतील. हा कागद समोर लावा आणि तुमचं निवडलेलं चित्र त्याच्या शेजारी. आता फळी फिरवून बघा. शिरा आडव्या ठेवल्या तर आकाश शांत, थरांचं, पहाटेचं होतं. उभ्या ठेवल्या तर तेच आकाश पावसासारखं कोसळतं. एखादी गाठ असेल तर तिच्याभोवती शिरा वळसे घेतात. तिथे चंद्र येऊ शकतो का, हे बघा. मी एका फळीच्या गाठीभोवती संपूर्ण चित्र बांधलं होतं. आधी ठरवलेलं शिखर मी त्या गाठीसाठी चार बोटं डावीकडे सरकवलं आणि चित्र सुधारलं.

शिरा आणखी उठून हव्या असतील तर तारेच्या ब्रशने शिरांच्या दिशेने जोरात घासा. मऊ पट्टे झिजून खाली जातात, कठीण पट्टे वर राहतात आणि छापेत रेषा बनून येतात. हे फक्त आकाशासारख्या मोकळ्या भागात करा.

मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभागावर हलका हात फिरवा. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक पातळ हात द्या म्हणजे मऊ तंतू धरून राहतात आणि कडा कमी तुटतात. ते वाळल्यावर पाण्यासारखी पातळ केलेली काळी शाई कपड्याने पुसून फळी गडद करा. हे टाळू नका. फळी गडद असली की कोरलेला भाग लगेच फिकट दिसतो, म्हणजे छाप कशी येईल ते कोरता कोरताच डोळ्यांसमोर राहतं.

चित्र फळीवर आणणं

छाप आरशातल्यासारखी उलटी येते. डोंगर ओळखीचा असेल आणि तो ओळखू यायला हवा असेल, तर आधी चित्र उलटं करून घ्या. ट्रेसिंग पेपरवर उतरवून तो पालथा करा, काम होतं. ओळख महत्त्वाची नसेल तर तसंच राहू द्या. मात्र मूळ चित्र आरशात धरून एकदा बघाच. डावीकडून उजवीकडे चढणारा उतार उलटा झाला की पडणारा उतार वाटतो, आणि सगळं चित्र वेगळं बोलू लागतं.

फळीवर पांढऱ्या खडूने फक्त मोठे आकार काढा, पाच, फार तर सहा: आकाश, लांबची रांग, मधला डोंगर, झाडांचा पट्टा, पुढचा उतार, चंद्र किंवा घर. झाडाच्या फांद्या, खडकाच्या भेगा, ढगाच्या कडा काढू नका. त्या हत्याराने, त्या क्षणी ठरवायच्या. सगळं आधी रेखून ठेवलं तर कोरणं म्हणजे नुसतं गिरवणं होतं, आणि गिरवलेली रेषा छापेत लगेच ओळखू येते.

हत्यारं आणि कोरणं

चार हत्यारं पुरतात. एक तिरप्या पात्याची सुरी, एक व्ही आकाराचं, एक अरुंद यू आकाराचं आणि एक रुंद यू. स्वस्त दहाच्या संचापेक्षा चांगल्या पोलादाची ही चार घ्या. बारीक दगडावर धार लावा आणि कामात दर वीस-पंचवीस मिनिटांनी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पातं मागे ओढून घासा. धार आहे की नाही हे ओळखायची खूण: चांगल्या धारेची खाच चकचकीत निघते. खाच पांढरट, पिंजलेली दिसली की हत्यार बोथट झालंय.

मोकळा हात कधीही पात्याच्या पुढे ठेवायचा नाही. टेबलाच्या कडेला एक पट्टी ठोका आणि फळी तिला टेकवा, म्हणजे ती धरायला दुसरा हात पुढे न्यावा लागत नाही. शिकत असताना एकदा मी घाईत फळी हातानेच दाबून धरली होती. गाठीवर अडलेलं हत्यार एकदम सुटलं आणि अंगठ्याच्या बुडात शिरलं. टाके पडले, तीन आठवडे काम बंद राहिलं. हत्यार अडलं की जोर वाढवण्याऐवजी मागे घ्या आणि दुसऱ्या बाजूने या.

सुरुवात सर्वांत मोठ्या उजेडापासून करा. चंद्र असेल तर चंद्र, बर्फाचा उतार असेल तर तो. रुंद यू घ्या आणि मधोमध सुरू करा, कडेपासून नाही. कडा शेवटी ठरवायची असते.

फटक्याची दिशा हीच या चित्राची भाषा आहे. बर्फाच्या उतारावर पाणी जिकडे वाहील तिकडे हत्यार न्या म्हणजे उताराचा तीव्रपणा नुसत्या खाचांवरून कळतो. झाडांना खालून वर फटके द्या, बुंध्याजवळ खोल आणि टोकाला उचलून घेतलेले. टोकाला हत्यार आपोआप निमुळतं होऊन बाहेर येतं आणि सूचिपर्णी झाडाचा शेंडा तयार होतो. चंद्राभोवती खाचा बाहेरच्या दिशेने पसरवा, सुरुवातीला दाट, मग विरळ. खडकावर व्हीने आखूड, तुटक, एकमेकींना छेदणाऱ्या खाचा द्या. आणि डोंगराचा एक तरी मोठा भाग असा ठेवा, जिथे हत्यार लागलंच नाही. तो सलग काळा भाग नसेल तर सगळं चित्र खाजवल्यासारखं दिसतं. नवशिक्यांच्या कामात मला हा दोष सर्वांत जास्त दिसतो.

शिरांना आडवं कोरताना लाकूड फाटतं. त्यासाठी जिथे खाच थांबायला हवी तिथे आधी सुरीने एक काप घ्या. हत्यार तिथपर्यंत आलं की ढलपी तुटून निघते, फाट पुढे जात नाही. सुरीने रेषा सोडताना पातं रेषेपासून बाहेर कललेलं ठेवा, म्हणजे रेषेचा पाया रुंद आणि माथा अरुंद राहतो. उलट कलवलं तर पाया पोखरला जातो आणि छापताना रेषा मोडून पडते.

खोली किती? अरुंद खाचांना एक मिलिमीटर पुरे. रुंद पांढऱ्या भागांना दोन ते तीन, नाहीतर कागद आत दबून शाई टिपतो. रुंद भाग कोरताना खाचांच्या मध्ये बारीक वरंबे उरतात आणि त्यांच्यावर थोडी शाई लागते. पुस्तकी पद्धत म्हणते, साफ करा. मी म्हणते, थांबा. कोऱ्या आकाशात मधूनच उमटणारे ते काळे ओरखडे म्हणजे हात तिथून गेल्याची खूण आहे, आणि ब्रुकेवाल्यांच्या ठशांत ते जागोजागी दिसतात. पहिली छाप बघूनच ठरवा. जे वरंबे उताराच्या दिशेत आहेत ते ठेवा, जे नजरेला भलतीकडे नेतात ते काढा.

एक मोठी ढलपी चुकून उडाली तर? लाकूड परत चिकटवता येतं, पण त्याआधी रात्रभर फळी तशीच ठेवून द्या. सकाळी बऱ्याचदा त्या चुकीतच उन्हाची तिरीप दिसते, मग शेजारी तशीच आणखी एक काढली की ती चूक राहत नाही.

साधारण साठ टक्के कोरून झालं असं वाटलं की थांबा आणि छापून बघा. काढलेलं लाकूड परत येत नाही, राहिलेलं उद्याही काढता येतं.

शाई आणि छपाई

आधी कोरडी चाचणी. फळी ब्रशने साफ करा, पातळ कागद ठेवा आणि पुन्हा मेणाच्या खडूने घासा. शाई न लावता चित्राचा अंदाज येतो आणि फळी स्वच्छ राहते.

शाई तेलाची हवी. छापखान्यातली ऑफसेटची काळी शाई आपल्याकडे कला महाविद्यालयांत सर्रास वापरतात आणि ती चांगली चालते. ती फार चिकट वाटली तर जवसाच्या तेलाचा एखादाच थेंब घाला. फार पातळ वाटली तर मॅग्नेशियम कार्बोनेटची चिमूट घालून घट्ट करा. काचेवर शाईची पट्टी ओढा आणि रबरी रोलर फिरवा. रोलर फिरताना रेशमी कापड सरसरावं तसा बारीक आवाज आला आणि शाईचा पोत मखमलीसारखा दिसला की थर बरोबर आहे. पचपच आवाज येत असेल तर शाई जास्त झाली आहे. ती बारीक खाचांत भरेल आणि तासन्‌तासांचं काम बुजेल.

फळीवर पातळ थर तीन-चार वेळा द्या, वेगवेगळ्या दिशांनी. कोरी फळी शाई पिते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन छापा फिक्या येतात. साध्या कागदावर काढा आणि घाबरू नका.

चांगल्या छापेला कागद पातळ पण चिवट लागतो. नेपाळी लोकता कागद आपल्याकडे सहज मिळतो आणि हाताने घासून छापायला उत्तम. पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती कागद मला आवडतो. हातकागद जाड असेल तर तो ओलसर करूनच वापरावा: स्पंजने पाणी फिरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवा. छापताना स्पर्शाला गार लागावा, पण पाणी दिसू नये.

कागद फळीवर एकदाच ठेवा, सरकवू नका. मग लाकडी चमच्याच्या पाठीने मधून बाहेर, लहान गोल फिरवत घासा. चमच्याखाली कोरड्या कागदाचा एक तुकडा ठेवला तर मूळ कागद फाटत नाही. एक कोपरा घट्ट दाबून ठेवा आणि दुसरा उचलून आत बघा. शाई कमी असेल तर कागद परत टेकवून घासा. हाताने छापण्याची खरी दौलत ही, की दाब सगळीकडे सारखा द्यावा लागत नाही. डोंगरावर जोर देऊन काळा गच्च करा, आकाशात हात हलका ठेवा म्हणजे शिरा तेवढ्या उमटतात. यंत्राला हे जमत नाही. किर्शनर आपल्या छापा बहुतेक स्वतःच काढायचा, एका ठशाच्या मोजक्याच, आणि अनेकांवर पेन्सिलीने ‘आयगेनड्रुक’ म्हणजे ‘स्वतः छापलेलं’ असं लिहायचा. स्वतःच्या ठशांकडे जगाने नीट बघावं म्हणून त्याने लुई द मार्साल नावाचा एक फ्रेंच समीक्षक कल्पून त्या नावाने लेखही लिहिले होते.

पहिली चांगली छाप भिंतीवर लावा आणि दोन दिवस येता-जाता बघा. उरलेलं कोरकाम त्यानंतर. माझ्या अनुभवात ठरवलेल्यापैकी निम्मं कोरायची गरजच उरत नाही.

रंग: करवतीची युक्ती

काळ्या छापेवर हात बसला की रंग. अनेक ठसे करून एकावर एक छापणं हा नेहमीचा मार्ग आहे. किर्शनर कधी तसं करायचा, तर कधी एकाच फळीवर ब्रशने वेगवेगळे रंग लावून एकदमच छापायचा, त्यामुळे प्रत्येक छाप वेगळी. डोंगरासाठी मला मात्र मुंकची रीत सर्वांत जवळची वाटते. तो फळी करवतीने आकारांप्रमाणे कापायचा, तुकड्यांना वेगवेगळे रंग लावायचा, पुन्हा जोडायचा आणि एकाच वेळी छापायचा.

शिखरांची रेघ ही कापायला जणू बनवलेलीच असते. बारीक पात्याची फ्रेट सॉ (वळणं कापायची हातकरवत) घ्या, पातं उभं सरळ धरा आणि आकाश व डोंगर वेगळे करा. चंद्रही काढायचा असेल तर आकाशात बारीक भोक पाडून पातं आत घाला. कोरण्याआधी कापा, कारण कापताना कडा थोड्या दुखावतात. आता आकाशाला फिका गुलाबी, चंद्राला पिवळा, डोंगराला गडद निळा रंग लावा. निळ्यात चिमूटभर काळा मिसळा, नाहीतर तो खेळण्यातल्यासारखा दिसतो. तुकडे पाटावर परत जुळवा आणि बाहेरून पट्ट्या लावून घट्ट धरा. छापल्यावर करवतीच्या वाटेची एक बारीक कोरी रेघ डोंगराभोवती राहते. ती बुजवू नका. पहाटे कड्यामागून येणाऱ्या उजेडाची कडा तीच.

डोंगराच्या तुकड्याला रोलरने निळा लावताना पायथ्याकडे शाईचा एक थर जास्त द्या. दरीत अंधार साचतो.

छापल्यानंतर

तेलाची शाई पूर्ण वाळायला आठवडा लागू शकतो, पावसाळ्यात जास्त. छापा दोरीवर चिमट्यांनी लावा, एकावर एक ठेवू नका. वाळल्यावर चित्राखाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक आणि एकूण संख्या, उजवीकडे सही. पेनची शाई कालांतराने उडते किंवा पसरते, म्हणून पेन्सिलच. हाताने छापणार असाल तर दहापेक्षा जास्त ठरवू नका. पाइनचे बारीक शेंडे घासून घासून गोलावतात आणि पंधराव्या छापेत ती झाडं पहिल्या छापेतली राहत नाहीत.

आणि फळी. १९३७ मध्ये नाझी राजवटीने किर्शनरची सहाशेहून अधिक कामं जर्मन संग्रहालयांतून ‘अधःपतित’ म्हणून काढून घेतली. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं, म्हणजे दावोसपासून फार लांब नाही. त्या भीतीच्या दिवसांत त्याने आपले कितीतरी लाकडी ठसे स्वतःच्या हाताने नष्ट केले, आणि १५ जून १९३८ रोजी स्वतःला संपवलं. त्या ठशांची नवी छाप आता कधीच निघणार नाही. दावोसच्या किर्शनर संग्रहालयात त्याचं काम जपून ठेवलेलं आहे. तिकडे जाणं झालं तर छापा अगदी जवळून, बाजूने तिरप्या उजेडात बघा. कागदात दबलेल्या खाचा तेव्हाच दिसतात.

तुमची फळी पाण्याने धुऊ नका, ती वाकते. आधी जुन्या वर्तमानपत्रावर दोन-तीन छापा काढून शाई संपवा, मग कापडाला थोडं खाद्यतेल लावून पुसा, खाचांतली शाई जुन्या दातब्रशने काढा आणि शेवटी कोरड्या फडक्याने तेल टिपून घ्या. दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी उभी ठेवा, भिंतीला चिकटवून नको. जून-जुलैत महिन्यातून एकदा बाहेर काढून बुरशी आली नाही ना ते बघा. काळी पडलेली, तेल प्यायलेली फळी उजेडात तिरपी धरली की कोरलेला डोंगर त्यात छापेपेक्षाही स्पष्ट दिसतो.